व्यायामाला मोजमाप देणारा योगी : स्वामी कुवलयानंद

चंदीगडच्या पूर्वेकडील इंडस्ट्रियल एरिया आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. राहत्या सेक्टरांपासून झाडांच्या पट्ट्याने वेगळा राखलेला हा भाग. आता तेथे कारखान्यांच्या शेजारी मोठमोठी दुकाने व मोटारींची दालनेही उभी राहिली आहेत. तरीही यंत्रापुढे आठ आठ तास उभे राहणारे, पोती व पेट्या उचलणारे, बाकावर वाकून सुटे भाग घासणारे हात तेथे आजही आहेत. आणि हिशेबाच्या टेबलाशी अथवा संगणकापुढे मान वाकवून बसणाऱ्यांची संख्या तर वाढतच आहे. महाराष्ट्रातून येऊन या परिसरात पोटापाण्याला लागलेल्या आपल्या मंडळींपैकी दोन ज्येष्ठ गणेशोत्सवात भेटले, की मुलाबाळांची विचारपूस होताच गोष्ट कंबर, गुडघा आणि खांदा यांवर येते. कोणाला उसण भरलेली असते, कोणाचा पाय मुरगळलेला असतो, कोणाची मान इकडच्या थंडीने अवघडलेली असते.

आम्हीही या प्रसंगातून गेलो आहोत. काही वर्षांपूर्वी बदलीच्या गडबडीत भरलेली ट्रंक एका झटक्यात उचलताना आमची कंबर धरली. स्वतःस जाणते म्हणविणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हास पालथे निजवून जोराने चोळले, पाय ओढले. आणि चार दिवसांत ओसरावयाचे दुखणे तीन महिन्यांवर गेले. अखेर एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागाची पायरी चढलो. तेथे आम्हास जो पहिला पाठ मिळाला तो अगदी साधा होता. पालथे निजावयाचे, कोपरांवर भार द्यावयाचा आणि छाती हळूहळू, दुखणे वाढणार नाही एवढीच उचलावयाची. ती कृती करता करता शाळेत शिकलेल्या भुजंगासनाची आठवण झाली. हे आसन आपल्या शाळांपर्यंत कोणी आणले आणि त्याला मोजूनमापून देण्याची रीत कोणी घातली, याचा मागोवा घेत आम्ही स्वामी कुवलयानंदांच्या चरित्रापाशी येऊन पोचलो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या चरित्राचा परिचय करून द्यावा असे वाटले, याला आणखी एक कारण आहे. हा थोर मराठी पुरुष जन्मला आणि घडला तो आपल्या मुलांप्रमाणेच महाराष्ट्राबाहेर.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी तत्कालीन बडोदे संस्थानातील डभोई या गावी झाला. वडील शिक्षक; घरची स्थिती बेताची. शिक्षणासाठी इतरांच्या आधारावर अवलंबून राहण्याची पाळी या बुद्धिमान मुलावर आली. परंतु त्याने परिस्थितीपुढे मान तुकविली नाही. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकाविली आणि बडोदे महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या काळी अरविंद घोष तेथे अध्यापन करीत होते. एकीकडे त्यांच्या विचारांचा प्रभाव, दुसरीकडे लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचे आकर्षण, अशा वातावरणात या तरुणाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवेस वाहून घेण्याचा निश्चय केला.

बडोद्यात त्यांना लाभलेला दुसरा गुरू महाविद्यालयात नव्हता, तर आखाड्यात होता. उस्ताद जुम्मादादा यांच्या नावाने चालणारी व्यायामशाळा त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी नावारूपास आणली होती. मुसलमान उस्ताद आणि त्यांचे नाव मस्तकी धारण करणारा मराठी शिष्य, ही गुरुशिष्यांची जोडी बडोद्याच्या इतिहासात आदराने स्मरली जाते. माणिकरावांना पुढे राजरत्न ही पदवी मिळाली. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती या देशी विद्या त्यांनी शिस्तबद्ध केल्या आणि सांघिक कवायतीला देशी भाषेतील आज्ञा दिल्या. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश याच बडोद्यातून बाहेर पडला, यावरून त्या नगरीतील वातावरणाची कल्पना यावी.

१९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमाविले. जुन्या आखाड्यांची एक परंपरा येथे ध्यानात घेतली पाहिजे. जो उस्ताद डाव शिकवी, तोच निखळलेला सांधा बसवी, मुरगळलेला पाय बांधी आणि पठ्ठ्याला पुन्हा मातीत केव्हा उतरवावयाचे हेही ठरवी. माणिकराव तर हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते. व्यायाम आणि दुखापतीचा उपचार ही दोन निरनिराळी खाती नव्हेत, एकाच विद्येची ती दोन अंगे होत, हा संस्कार गुणे यांच्या मनावर येथेच झाला असला पाहिजे. मात्र आखाड्याचे ज्ञान उस्तादाच्या बोटांत असे. ते कागदावर उतरत नसे आणि उस्तादाबरोबर पुष्कळदा लयास जाई. ही उणीव भरून काढण्याचे कार्य पुढे या शिष्याच्या हातून व्हावयाचे होते.

पदवी घेतल्यानंतर गुणे खानदेशात अंमळनेर येथे शिक्षणकार्यात पडले. १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. परंतु राष्ट्रीय बाण्यामुळे १९२० साली सरकारने ती संस्था बंद पाडली. याच सुमारास, १९१९ साली, नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याची आणि त्यांची भेट झाली. माधवदासजी मूळचे बंगालचे. त्यांच्यापाशी गुणे यांनी योगाची दीक्षा घेतली.

येथपर्यंतची कथा पुष्कळ साधकांच्या कथेसारखीच आहे. यापुढे मात्र गुणे वेगळ्या वाटेने निघाले. गुरूने दिलेल्या विद्येवर त्यांची श्रद्धा होती. तथापि श्रद्धा आहे म्हणून तपासणी नको, असे त्यांना वाटले नाही. १९२०–२१ साली बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिला. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरील हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले आणि या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले. शिष्याने गुरूला वाहिलेली ही दक्षिणा आगळीच म्हटली पाहिजे.

१९२४ सालच्या विजयादशमीच्या सुमारास लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रमाची स्थापना झाली. आता ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी नियतकालिक सुरू झाले. त्याची एक बाजू प्रयोगांची होती, दुसरी सामान्य वाचकांना आसने समजावून देण्याची. सर्वांगासनात, शीर्षासनात रक्तदाबाचे काय होते, तो किती चढतो व केव्हा उतरतो, याची मापे त्यात छापली गेली. आश्रमात क्ष-किरणांचे यंत्र आणि रक्तदाब मोजण्याची उपकरणे आहेत, हे ऐकून त्या काळी लोकांना नवल वाटत असे. योग्याने गुहेत बसावे ही कल्पना ज्या समाजात रूढ होती, त्या समाजात हा योगी प्रयोगशाळेत नोंदी करीत बसला होता.

१९२७ साली मार्चअखेरीस कोल्हापूरच्या दौऱ्यात महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबाने एकाएकी बिघडली आणि विश्रांतीसाठी त्यांना पुढे नंदी पर्वतावर नेण्यात आले. त्या काळात गांधीजी आणि स्वामीजी यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि स्वामीजींनी त्यांना शवासनासारख्या सौम्य क्रियांबाबत मार्गदर्शन केले. रोगी केवढाही मोठा असला तरी उपचाराची पायरी सोडावयाची नाही, आणि ज्याचे शरीर थकले आहे त्याला आरंभी श्रमाऐवजी विश्रांतीच शिकवावयाची, ही त्यांची पद्धती होती.

या पद्धतीचे खरे दर्शन होते ते १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आसनांवरील पुस्तकात. आम्हास या पुस्तकाचे मोल वाटते ते त्यातील आसनांच्या संख्येमुळे नव्हे, त्यातील मर्यादांमुळे. प्रत्येक आसन केव्हा करावे यासोबत ते कोणी करू नये हेही तेथे सांगितले आहे. वाहणारा कान, डोळ्यांतील नाजूक केशवाहिन्या, चढलेला रक्तदाब असलेल्या माणसाने आपल्या मनाने शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये, असा इशारा आहे. निरोगी माणसानेही ते पाव मिनिटापासून आरंभावे आणि आठवड्याला अर्धा मिनिट या बेताने वाढवावे. हलासनात पाय एकदम डोक्यापलीकडे टाकावयाचे नाहीत. ते टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत न्यावयाचे. ज्याला शलभासनात दोन्ही पाय उचलणे झेपत नाही त्याने अर्धशलभासन करावे, एका वेळी एकच पाय उचलावा. पाठीच्या कण्याला पीळ देणारे मत्स्येंद्रासन सर्वांना साधणारे नव्हे, म्हणून अर्धमत्स्येंद्रासन. आणि तेही अवघड जाणाऱ्यांसाठी कैवल्यधामात शिकविले जाणारे सोपे वक्रासन. भुजंगासनात डोके, मग छाती, मग कंबर अशा क्रमाने एकेक मणका वळत जावा, हिसका मुळीच बसू नये. आजारपणाने अथवा प्रवासाने खंड पडला, तर जेथे सोडले तेथूनच पुन्हा सुरुवात न करता खाली उतरून आरंभ करावा. आणि दमेपर्यंत तर कधीच करू नये.

व्यायामाने होणाऱ्या बहुतेक दुखापतींचे मूळ या नियमांच्या उल्लंघनात असते. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून तो काही आठवड्यांत बळावतो. स्नायूला हाडाशी जोडणारे कंडर आणि सांध्याला आवळून धरणारे अस्थिबंध यांना मात्र तेवढाच भार पेलावयास महिने लागतात. अंगात जोर आल्यासारखे वाटते, माणूस उत्साहाने भार वाढवितो, आणि मागे राहिलेला कंडर दुखावतो. आठवड्याला अर्धा मिनिट ही कंजूष वाटणारी वाढ कशासाठी, हे यावरून उमजते.

स्वामीजी आपली विद्या आश्रमापुरती ठेवणारे नव्हते. १९३६ साली त्यांचे यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक आले. शाळेतील शंभर मुलांना एका वेळी, आज्ञेवर, सुरक्षितपणे कोणत्या यौगिक क्रिया करविता येतील याची ती योजना होती. माणिकरावांच्या सांघिक कवायतीचा धडा शिष्याने योगाला लावला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच सुमारास मुंबईत चौपाटीनजीक मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामाचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. तेथे येणारी माणसे साधक नव्हती. ती कचेऱ्यांत बसणारी, पाठ दुखणारी, पोट बिघडलेली, झोप उडालेली अशी तुमच्याआमच्यासारखी माणसे होती.

परदेशातील जाणत्यांचे लक्षही लोणावळ्याकडे वळले. त्या काळी पाश्चात्त्य देशांत फिजिओथेरपी हे शास्त्र आकार घेत होते. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उपचारात्मक व्यायामाचा पाया घातला होता. इंग्लंडात १८९४ साली परिचारिकांनी मर्दनोपचाराची संस्था स्थापिली होती. पहिल्या महायुद्धातील हजारो जखमी सैनिकांमुळे या विद्येला वेग आला होता. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापिका जोसेफिन रॅथबोन यांनी १९३४ साली दोष दूर करणाऱ्या व्यायामांवर ग्रंथ लिहिला होता. १९३७–३८ च्या सुमारास त्या कैवल्यधामात येऊन राहिल्या. पुढे १९५४ साली अमेरिकेत क्रीडावैद्यकाची जी मोठी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. आखाड्याच्या मातीतून निघालेला आणि विद्यापीठाच्या व्यायामशाळेतून निघालेला असे दोन प्रवाह लोणावळ्याच्या टेकड्यांत काही काळ एकमेकांस भेटले, हे चित्र आम्हास फार हृद्य वाटते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातही फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ पसरली आणि लुळ्या पडलेल्या बालकांना पुन्हा चालते करण्याची निकड भासली. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा निघाली. लोणावळ्याचे कार्य मात्र स्वतंत्रपणे चालू राहिले. १९५०–५१ च्या सुमारास तेथे योगाचे महाविद्यालय आणि साठच्या दशकाच्या आरंभी यौगिक उपचारांचे रुग्णालय सुरू झाले. १९६३ साली स्वामीजी आणि डॉ. विनेकर यांचे यौगिक चिकित्सेवरील पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केले. परकीय सरकारने ज्यांचे महाविद्यालय बंद केले, त्यांचे पुस्तक स्वकीय सरकारने काढावे, यात काळाचा न्याय होता. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, स्वामीजींनी देह ठेवला. आश्रम, महाविद्यालय आणि योगमीमांसा ही तिन्ही आजही चालू आहेत.

स्वामीजींचे सारेच निष्कर्ष आजच्या कसोटीवर जसेच्या तसे उतरतात असे म्हणणे हा अंधभक्तीचा प्रकार होईल, आणि तो त्यांनाच रुचला नसता. त्यांचे प्रयोग थोड्या व्यक्तींवर झाले होते. पुढील संशोधनातून असे दिसते, की जुनाट कंबरदुखीत नियमित योगाने मध्यम प्रमाणात आराम पडतो. इतर योग्य व्यायामांनीही साधारण तेवढाच पडतो. चमत्कार कोणत्याच पद्धतीत नाही. शीर्षासनाने मानेवर येणाऱ्या भाराविषयी तर आजचे तज्ज्ञ स्वामीजींहूनही अधिक सावध आहेत, आणि पन्नाशी उलटल्यावर ते नव्याने शिकू नये हेच बरे. परंतु मोजावे, टप्प्याने वाढवावे, विश्रांतीला व्यायामाचाच भाग मानावे, ही त्यांची रीत फिजिओथेरपीच्या प्रत्येक विभागात आज पाळली जाते.

आपल्या रोजच्या जीवनात याचा उपयोग कसा करावा? कंबर धरली तर दोन-तीन दिवस बेताने वागावे, परंतु आठवडेच्या आठवडे अंथरूण धरू नये. साधी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआप निवळते आणि हळूहळू चालत राहिल्याने लवकर निवळते. पाय मुरगळला तर आरंभी बर्फाचा शेक, पट्टी आणि पाय उंच ठेवणे. भार सोसवू लागताच घोट्याची हालचाल सुरू करावी, आणि सूज उतरल्यावर भिंतीचा आधार घेऊन एका पायावर तोल सांभाळण्याचा अभ्यास करावा, म्हणजे तोच पाय वारंवार मुरगळत नाही. गुडघेदुखीत मांडीचा पुढचा स्नायू बळकट करणे हा मोठा उपाय आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवणे एवढ्याने आरंभ होतो. ओझे उचलताना ते अंगाजवळ घ्यावे, गुडघ्यांत व खुब्यात वाकावे, आणि उचललेल्या स्थितीत कंबर पिळू नये, पावले वळवावीत. टेबलाशी काम करणाऱ्याने अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. चंदीगडच्या पौष-माघाच्या थंडीत सकाळी एकदम वेगाने चालू लागण्यापूर्वी घरातच पाच मिनिटे अंग ऊबदार करून घ्यावे.

मात्र पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, दुखण्याबरोबर ताप, पायातली शक्ती जाणे, जांघेत बधिरपणा अथवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळले तर व्यायाम, चोळणे, ओढणे सारे बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. आपल्या शहराला त्याबाबतीत उणे नाही. सेक्टर १२ मधील पी. जी. आय. आणि सेक्टर ३२ मधील सरकारी रुग्णालय इंडस्ट्रियल एरियापासून फार लांब नाहीत. आमच्यासारखी चूक इतरांनी करू नये, म्हणून हे आग्रहाने लिहितो.

आता आमची कंबर बरी आहे. रोज पहाटे सतरंजी घालून आम्ही भुजंगासनाची मोजकी आवर्तने करतो, शेवटी शवासनात पडून राहतो, आणि ट्रंक उचलण्यापूर्वी दुसऱ्या हाताला हाक मारतो. डभोईच्या त्या गरीब शिक्षकाच्या मुलाने घर, गाव, नोकरी सोडून आयुष्यभर जे तपासले, जे मोजले, त्याचा आमच्या वाट्याला आलेला हा लहानसा अंश आहे. मुलखापासून दूर असलेल्या आपल्या मुलांना आपण भाषा देतो, सण देतो, आरत्या देतो. त्यांच्याबरोबर हे मोजूनमापून व्यायाम करण्याचे शहाणपणही द्यावे. आपल्या मंडळाच्या सभागृहात आठवड्यातून एक सकाळ जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली लहानथोरांनी यासाठी एकत्र यावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवतो. सुवर्णमहोत्सवाचे वर्ष संपण्यापूर्वी ती अमलात यावी, ही सदिच्छा.